द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल

अवकाळी पावसानंतर निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पहिली धास्ती असते केवडा या बुरशीजन्य रोगाची. पानावर तेलकट डाग दिसले की फवारणीची धावपळ सुरू. पण वेलही गप्प बसलेली नसते. बुरशी शिरते तिथे ती रेस्वेराट्रॉल नावाचं संरक्षक रसायन तयार करते. मण्यात ते मुख्यतः सालीत असतं. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून ते तिच्यात उतरतं.

हेच रसायन आज 'तारुण्य आणि स्मरणशक्ती'साठी गोळ्यांतून विकलं जातं. 2003 मध्ये त्याने यीस्टचं आयुष्य वाढल्याचं प्रसिद्ध झालं आणि जगभर गाजावाजा झाला. माणसांत मात्र गाडी अडली. पोटात गेलेलं रेस्वेराट्रॉल आतडी आणि यकृत झपाट्याने बदलून टाकतात, मूळ रूपात रक्तात पोहोचतं ते जेमतेम. अमेरिकेत 119 अल्झायमर रुग्णांवर वर्षभराची चाचणी झाली, डोस वाढवत दिवसाला 2 ग्रॅमपर्यंत नेला. 2015 च्या त्या अहवालातून स्मरणशक्ती सुधारल्याचं सिद्ध झालं नाही. वाइनच्या लिटरमध्ये ते असतं अवघं काही मिलिग्रॅम! त्यामुळे स्मृतीसाठी वाइन पिण्याला काहीच आधार नाही.

गोळ्यांतलं रेस्वेराट्रॉल बहुतेकदा द्राक्षातलं नसतंच. ते जपानी नॉटवीड या वनस्पतीच्या मुळांतून काढतात. घरातल्या ज्येष्ठांना रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी देऊच नका. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. द्राक्षं मात्र खुशाल खा, स्वच्छ धुऊन, सालीसकट. मधुमेह असेल तर बेताने.