फळमाशीचा गंधसापळा

फळमाशीची मादी आंब्या-पेरूच्या सालीला टोचून आत अंडी घालते. अळी गरात, फवारा बाहेर! म्हणून गाठायचे नराला. मिथाइल युजेनॉलच्या वासावर नर अक्षरशः तुटून पडतात आणि सापळ्यात मरतात. नरच घटले की मादीची अंडी उबत नाहीत. पण उघड्यावर हे द्रव्य भराभर उडून जाते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील आणि तिथल्याच कृषी कीटक ब्यूरोतील संशोधकांनी २०१३ मध्ये ते नॅनोजेलमध्ये बांधून पेरूच्या बागेत वापरल्याचे प्रसिद्ध केले. वास हळूहळू सुटतो, साठवायला शीतपेटीही लागत नाही. युरोपात स्प्रूसच्या जंगलात सालभुंग्यांसाठी असेच सापळे लावतात, मात्र तिथला गंध नर-मादी दोघांनाही खेचतो. काटेकोरपणे पाहिले तर मिथाइल युजेनॉल हे फळमाशीचे फेरोमोन, म्हणजे तिने स्वतः सोडलेला खुणेचा गंध, नव्हेच. ते वनस्पतींत सापडते, आणि नर ते खाऊन त्यातून मादीसाठी आपले फेरोमोन घडवतात.