मोटारींतील गाणें व गृहस्थाचा खिसा

रामदासपेठेंतील आमचे एक स्नेही गेल्या दिवाळींत वृद्ध वडिलांस घेऊन मोटारीनें शिर्डीस निघाले. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग २०२२ सालच्या डिसेंबरांत खुला झाल्यापासून ही वाट सुखाची झाली आहे. वडिलांस वसंतराव देशपांडे यांच्या गाण्याचें वेड. वसंतरावांचें बालपण नागपुरांत गेलें आणि शंकरराव सप्रे यांच्यापाशीं त्यांचें शिक्षण येथेंच झालें. त्यामुळें नागपूरकरांस ते घरचेच वाटतात. चिरंजिवांनीं या प्रवासाकरितां मोटारीच्या डिकींत एक भलाथोरला 'बास'चा खोका मुद्दाम बसवून घेतला होता. थोड्याच वेळानें वडील म्हणाले, "अरे, ठोके ऐकूं येतात, शब्द कुठें आहेत?"

प्रश्न मार्मिक खरा. धांवत्या मोटारींत चाकांची व वाऱ्याची घरघर अखंड चालू असते. तिच्याखालीं गाण्यांतील बारीक जागा बुडतात, आणि आपण आवाज वाढवीत सुटतों. परंतु २५ वॅटांच्या जागीं ५० वॅट दिले, तरी तीव्रता अवघी ३ डेसिबलनीं वाढते. ३ डेसिबल अधिक संवेदनशीलतेचा स्पीकर निवडल्यास तेवढाच लाभ जादा वॅटांवांचून होतो. खोक्यावर ठळक छापलेला 'कमाल' वॅटांचा आंकडा क्षणापुरता असतो. सतत पेलण्याची शक्ति 'आर. एम. एस.' या लहान आंकड्यांत असते. तोच पहावा.

मग बेताच्या पैशांत करावें काय? पहिलें काम बिनखर्चाचें. आवाजाचा तोल पुढील स्पीकरांकडे ठेवावा, आणि दोन्ही बाजूंच्या धन-ऋण तारा सारख्या जोडल्या आहेत कीं नाहींत हें पहावें. एकीकडची जोडणी उलट झाली असेल, तर एक पडदा पुढें येतांना दुसरा मागें जातो आणि मंद्र स्वर विरून जातात.

दुसरें काम पुढील दारांतील स्पीकर बदलण्याचें. ठरविलेल्या रकमेंतील निम्म्याहून अधिक भाग येथें घालावा; कारण शब्द येथूनच कानीं पडतात. नवी जोडी मूळच्या ओहमांशीं जुळणारी असावी. मूळच्या तारा कापूं देऊं नयेत. जुळता कपलर मिळतो, तो लावावा.

तिसरें काम दाराचें. याकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. पडदा पुढें हवा ढकलतो त्याच क्षणीं मागील हवा विरळ होते. दाराच्या आंतील पत्र्याच्या भोकांतून या दोन लाटा एकमेकींस भेटल्या कीं परस्परांस मारतात. म्हणून तीं भोकें ब्युटाइल रबराच्या चिकट तक्त्यांनीं बंद करावीं. डांबराचे तक्ते स्वस्त असतात खरे. परंतु नागपुरांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, बंद मोटार त्याहूनहि तापते, आणि डांबर पाघळूं लागतें. दाराच्या तळाशीं पाणी निघून जाण्यास ठेवलेलीं छिद्रें मात्र बुजवूं नयेत. नाहीं तर पहिल्याच पावसाळ्यांत पत्रा गंजूं लागेल.

इतकें करूनहि उणें वाटलें तरच ॲम्प्लिफायर घ्यावा, आणि त्याच्या तारेवर बॅटरीजवळच फ्यूज बसवावा. या एका फ्यूजच्या कंजुषीनें मोटार पेट घेऊं शकते.

रामदासपेठेपुरती आणखी एक गोष्ट. या वस्तींत जागोजाग रुग्णालयें आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं शांतता क्षेत्रांत दिवसां ५० व रात्रीं ४० डेसिबलांची मर्यादा घातली आहे. आमचें गाणें मोटारीच्या कांचेबाहेर जाऊन कोणा रुग्णाची झोंप मोडीत असेल, तर त्यास रसिकता म्हणतां येणार नाहीं. आपल्या कानांचीहि काळजी हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबलांचा ध्वनि आठवड्यास ४० तासांपर्यंतच निर्धोक होय. त्यापुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते.

असो. आमच्या स्नेह्यांनीं तो खोका काढून टाकला. पुढील जोडी बदलली आणि दारें बंदिस्त करून घेतलीं. सारा खर्च खोक्याच्या निम्म्यानेंहि झाला नाहीं. परवां पुन्हा प्रवास घडला. वडिलांनीं एकच सूचना केली: "आवाज जरा कमी कर, सगळें ऐकूं येतें आहे."