मुद्दल आणि मिळकत : सह्याद्रीतील खनिजांचा हिशेब

दीपावलीचे वहीपूजन आटोपले की आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगत : मुद्दल वेगळे, मिळकत वेगळी. गुजरीतील एखाद्या कुटुंबाकडे वडिलोपार्जित शंभर तोळे सोने आहे अशी कल्पना करा. घरच्या कर्त्याने दरवर्षी पाच तोळे विकून संसार थाटात चालविला, तर शेजाऱ्यांना ते घर भरभराटीचे वाटेल. वीस वर्षांनी तिजोरी रिकामी होईल, तेव्हा कळेल की ज्याला सारे उत्पन्न समजत होते, ते भांडवलच होते. कोणताही जाणता मुनीम ही विक्री मिळकतीच्या खाती मांडू देणार नाही. डोंगरातील खनिजांच्या बाबतीत मात्र हीच चूक सरकारी हिशेबांत वर्षानुवर्षे होत आली आहे.

कोल्हापूरचे तांबडे सडे

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेस राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड या तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर जांभ्या दगडाचे सडे पसरले आहेत. लक्षावधी वर्षांच्या पावसाने काळा पाषाण झिजविला, त्यातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली आणि मागे उरले ते मुख्यतः लोह व ॲल्युमिनियम. यांपैकी ॲल्युमिनियमचे प्रमाण जेथे अधिक, तेथील खनिज म्हणजे बॉक्साइट. राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीची खाण याच खनिजाची आहे. बेळगावचा ॲल्युमिना कारखाना १९६९ साली इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने सुरू केला, पुढे ही कंपनी हिंदाल्कोकडे गेली. आपल्या डोंगरातील बॉक्साइट ट्रकांतून या कारखान्याकडे जात आले आहे.

साधारणतः चार ते पाच टन बॉक्साइटपासून दोन टन ॲल्युमिना आणि त्यापासून एक टन धातू मिळतो. या शेवटच्या टप्प्याला टनामागे सुमारे चौदा हजार युनिट वीज लागते. म्हणून धातू गाळण्याचा कारखाना खाणीजवळ न उभारता स्वस्त विजेजवळ उभारला जातो. मूल्याची मोठी वाढ पुढच्या टप्प्यांत होते आणि ज्या गावाचा डोंगर खणला गेला, त्याच्या वाट्याला ट्रकचे भाडे, मजुरी आणि स्वामित्वधनाचा एक अंश एवढेच येते.

टनामागे किती?

स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, ही खनिजाच्या मालकाला मिळणारी रक्कम होय. २०१४ साली ठरलेल्या दरानुसार धातूसाठी वापरल्या जाणाऱ्या बॉक्साइटवर, त्यातील ॲल्युमिनियमच्या लंडन बाजारातील किमतीच्या ०.६० टक्के आकारणी होते. सोयीसाठी धातूचा भाव टनाला दोन लाख रुपये आणि खनिजात एक पंचमांश धातू असे धरू. म्हणजे एक टन बॉक्साइटमध्ये चाळीस हजार रुपयांचा धातू, आणि त्यावरील स्वामित्वधन २४० रुपये. खणणे, शुद्धीकरण, वीज, वाहतूक यांचा खर्च मोठा असतो, त्यामुळे या दोन आकड्यांतील सारा फरक नफा नव्हे. २०१५च्या कायदादुरुस्तीनंतर लिलावाने दिलेल्या खाणपट्ट्यांवर बोलीची अधिक रक्कमही मिळते. तरीही मालकाचा मूळ वाटा किती लहान आहे, हे यावरून ध्यानी यावे.

त्याच दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची स्थापना झाली. जुन्या पट्टेधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के, तर लिलावातील पट्टेधारकांनी १० टक्के इतकी अधिकची रक्कम खाणग्रस्त भागासाठी द्यावयाची असते. वरील उदाहरणात ती टनामागे अनुक्रमे ७२ आणि २४ रुपये होते. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी हा पैसा आहे, आणि ही व्यवस्था स्वागतार्हच आहे.

२५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, स्वामित्वधन हा कर नव्हे. खनिजावरील हक्काच्या बदल्यात पट्टेदाराने द्यावयाचा तो मोबदला आहे. व्यापाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कर दरवर्षी नव्याने येतो. विकलेल्या मालाचा मोबदला मात्र एकदाच येतो आणि तो माल पुन्हा कोठारात येत नाही.

गोव्याचा धडा

आपला शेजारी गोवा याचे उदाहरण आहे. २०१०-११च्या सुमारास तेथून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास लोहखनिज परदेशी जात होते. सप्टेंबर २०१२मध्ये शाह आयोगाचा अहवाल आला, राज्य शासनाने खाणी थांबविल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. कर्ज काढून घेतलेले ट्रक आणि बार्ज जागच्या जागी उभे राहिले. गॅरेजे, खाणावळी, किराणा दुकाने, साऱ्यांची उधारी थकली. ज्या भागाचा व्यवहार एकाच खनिजावर उभा असतो, तेथे खाण थांबली की संपूर्ण बाजारपेठ थांबते.

परंतु याच प्रकरणात २१ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने एक दूरदर्शी आदेश दिला. लोहखनिजाच्या विक्रीतील दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवावी, म्हणजे पुढील पिढ्यांनाही तिचा लाभ होईल. नॉर्वेने खनिज तेलाच्या उत्पन्नासाठी १९९० साली असाच निधी कायद्याने निर्माण केला. पुढे त्यातून साधारणतः अपेक्षित परताव्याएवढाच खर्च करण्याचा दंडक त्या देशाने घालून घेतला. जॉन हार्टविक या कॅनडातील अर्थशास्त्रज्ञाने १९७७ साली जो नियम मांडला, त्याचे सार हेच : संपणाऱ्या संपत्तीचे निव्वळ उत्पन्न टिकणाऱ्या संपत्तीत गुंतवावे. मुद्दलाला हात न लावता व्याजावर निर्वाह करण्याची आपली रीत याहून वेगळी ती काय?

जमिनीवरचे भांडवल

आपल्या सड्यांच्या हिशेबात आणखी एक रकाना आहे. जांभ्याचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी मुरवतो आणि ते पायथ्याच्या झऱ्यांना पुरवितो. पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या याच डोंगररांगांतून उतरतात. राधानगरीचे अभयारण्य २०१२पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत गणले जाते. बॉक्साइट विकताना हे पाणीही काही अंशी खर्ची पडते, पण त्याची नोंद कोणत्याच पावतीत होत नाही.

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत भूमी फोडण्याच्या ‘स्फोटकर्मा’ची गणना आहे. परंतु ॲल्युमिनियमची भांडी, खिडक्यांच्या चौकटी, औषधांची वेष्टने आपल्याच दुकानांतून विकली जातात. खाण आपली नसली, तरी त्या डोंगराशी आपला व्यवहार आहेच. धातू वापरू नये, असे कोणी म्हणणार नाही. निदान हिशेब तरी चोख मागावा.

उत्तराध्ययन सूत्रात तीन व्यापाऱ्यांचा दृष्टांत आहे. तिघे भांडवल घेऊन निघाले. एक नफा कमावून आला, दुसरा भांडवल जसेच्या तसे घेऊन परतला आणि तिसरा तेही गमावून बसला. खनिजसंपन्न प्रदेशांची गतही या तिहेरीच असते. आपण दरवर्षी दुकानातील मालाचा आरंभीचा आणि अखेरचा साठा मोजतो. जिल्ह्यातील डोंगरांत वर्षारंभी किती खनिज होते, वर्षअखेर किती उरले आणि जे गेले त्याच्या बदल्यात कोणती टिकाऊ संपत्ती उभी राहिली, हे तीन आकडे जिल्ह्याच्या वार्षिक अहवालात असावेत, अशी मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी करावी. ताळेबंद वाचण्याची विद्या आपल्याकडे पिढीजात आहे, तिचा उपयोग आता घराच्या उंबरठ्याबाहेरही व्हावा.