हेडसेट विकत घेण्याआधी

‘व्हीआर डिझायनर व्हायचंय’ म्हटलं की घरात दोन शंका हमखास निघतात: पोराला गेमच खेळायचे असणार आणि त्यासाठी महागडा हेडसेट घ्यावा लागणार. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे, की हे क्षेत्र यंत्रांचं आहे. गेमच्या शंकेला इतिहासच उत्तर देतो. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी 1968 मध्ये डोक्यावर लावायचा जो डिस्प्ले दाखवला, तो संशोधनातून आला होता. खऱ्या दृश्यावरच चित्र दाखवणारी ऑगमेंटेड रिअॅलिटी (एआर) 1990च्या सुमारास बोइंगमध्ये आकाराला आली ती विमानातल्या तारांच्या गुंत्यापायी: कुठली तार कुठून न्यायची, हे कामगाराला डोळ्यांसमोरच दिसावं म्हणून.

यात डिझायनरचं खरं काम माणसाच्या शरीराशी असतं. हेडसेटच्या पडद्याचा फोकस बहुधा एक-दोन मीटरच्या आसपास कायमचा ठरलेला असतो. बटण अगदी नाकासमोर आणलं, की दोन्ही बुबुळं आत वळतात, पण डोळ्यातलं भिंग मात्र लांबच फोकस धरून बसतं. या ओढाताणीने डोळे शिणतात. खुर्चीत बसलेल्या माणसाला आभासी रस्त्यावरून पळवलं, तर डोळे म्हणतात ‘धावतोय’, आतला कान म्हणतो ‘बसलोय’, आणि पोटात ढवळायला लागतं. म्हणून कित्येक अॅपमध्ये चालण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी उडी घेता येते. मेनू खांद्याच्या उंचीवर टांगला की हात भरून येतात. यातलं काहीही कॉम्प्युटरच्या सपाट पडद्यासमोर बसून कळत नाही.

ते तपासायला सुरुवातीला हेडसेटही लागत नाही. खोलीत पुठ्ठ्याची खोकी मांडा, भिंतीवर कागदी बटणं चिकटवा, कुणाला तरी वापरायला सांगा. हात कुठे अवघडतो ते लगेच दिसतं. थ्रीडी वस्तू घडवायचं ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, देखावा चालता करायचं युनिटी शिकण्यापुरतं फुकट मिळतं, आणि एआरचे प्रयोग बऱ्याच साध्या अँड्रॉइड फोनवर होतात. मग कोडिंग नकोच का? थोडं हवंच, आपला देखावा आपल्याला चालता करता आला पाहिजे. पण वास्तुरचना किंवा नाटकाचं नेपथ्य शिकलेल्याला जागेची जाण आधीच असते आणि ती मिळवायला कोडिंगपेक्षा जास्त काळ लागतो.

‘व्हीआरची लाट कधीच ओसरली’ हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. फेसबुकने 2021 मध्ये मेटा हे नाव घेतलं. त्यानंतर त्यांच्या व्हीआर-एआर विभागाचा तोटा दरवर्षी 10 अब्ज डॉलरच्या वर गेला. मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये होलोलेन्स या आपल्या हेडसेटचं उत्पादन थांबवलं. अॅपलचा व्हिजन प्रो हेडसेट 3,499 डॉलरला बाजारात आला. तो घरोघरी जाणार नव्हताच. पण हा हिशेब उपकरणांच्या खपाचा आहे. शस्त्रक्रियेचा सराव किंवा यंत्रदुरुस्तीचं प्रशिक्षण यांसाठी लाखो घरांत हेडसेट असावा लागत नाही. एका संस्थेत वीस असले तरी भागतं. तरीही आपल्याकडे ‘व्हीआर डिझायनर’ याच नावाची पदं मोजकीच निघतात, हे मान्य करूनच पाऊल टाकावं. बहुतेकांना आधी अॅप-वेबसाइटचं डिझाइन (यूआय-यूएक्स), गेम स्टुडिओ किंवा वास्तुविशारदांसाठी थ्रीडी चित्रणाच्या कामातूनच आत शिरावं लागतं. ते कमीपणाचं नाही, कारण उद्या हेडसेटची कंपनी बुडाली तरी त्या कामावर पोट चालतं.

क्लासच्या प्रमाणपत्रावर फार विसंबू नये, असं माझं मत आहे. सॉफ्टवेअरची बटणं शिकवणारे क्लास पुष्कळ आहेत. पोर्टफोलिओत चकचकीत देखाव्यापेक्षा एक छोटा व्हिडिओ जास्त बोलतो: पहिल्यांदाच हेडसेट घातलेला माणूस कुठे अडखळला, कुठे मान आखडली, आणि त्यानंतर ते बटण कुठून कुठे हलवलं.