कमांडने हिशेब द्यावा

लिनक्सवर चार जीबीची फाइल पेनड्राइव्हवर उतरवायला 'डीडी' ही कमांड दिली, की कर्सर खालच्या ओळीवर जाऊन नुसता लुकलुकत राहतो. कित्येक मिनिटं पडद्यावर अक्षर उमटत नाही. काम चाललंय की अडकलंय, कळायला मार्ग नसतो. धीर सुटून कंट्रोल-सी दाबलं, तर अर्धवट लिहिलेला पेनड्राइव्ह हाती उरतो. ज्या कामाला मिनिटं लागतात, त्याने वाट पाहणाऱ्या माणसाला हिशेब दिलाच पाहिजे, असं मला ठाम वाटतं. काम किती टक्के झालं हे दिसलेलं लोकांना आवडतं, हे संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ सालीच प्रयोगातून दाखवलं होतं. तरी लिनक्सवर असणाऱ्या ग्नूच्या डीडीत 'स्टेटस=प्रोग्रेस' हा प्रगती दाखवणारा पर्याय यायला २०१५ उजाडलं.

या गप्प बसण्यामागे कारण होतं, आणि ते हलकं नाही. युनिक्समध्ये १९७३ साली पाइप आले. एका प्रोग्रामने लिहिलेलं थेट दुसऱ्याच्या तोंडी जाऊ लागलं. त्यात 'चाळीस टक्के झालं' असं काही मिसळलं, तर पुढच्याचा डेटाच नासणार. पण यावरचा उपायही युनिक्समध्येच आहे. चुका आणि सूचना यांच्यासाठी स्टँडर्ड एरर हा वेगळा मार्ग असतो. शिवाय समोर टर्मिनल आहे की फाइल, हे प्रोग्रामला विचारता येतं. टर्मिनल असेल तर बोलावं, नसेल तर गप्प राहावं. प्रगती दाखवत राहिल्याने काम मंदावतं, ही तक्रारही खरी आहे : २०१६च्या सुमारास जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणाऱ्या एनपीएममधली प्रगतिपट्टी बंद केल्यावर इन्स्टॉलेशन जवळपास निम्म्या वेळात होतं, असं लोकांना आढळलं. मात्र दोष पट्टी सतत रंगवत बसण्यात होता. सेकंदातून दोन-चारदा रंगवली तरी डोळ्यांना पुरते.

खरा कठीण आक्षेप आकड्यांच्या खरेपणाचा आहे. डीडी सुरुवातीला भन्नाट वेग दाखवते, कारण डेटा आधी रॅममध्ये साठतो. 'चार जीबी झालं' म्हणते आणि पेनड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकतच असतो. म्हणून टक्के ठाऊक नसतील तर सांगू नयेत. पाइपच्या मधोमध बसवलेल्या 'पीव्ही' या कमांडला एकूण आकार माहीत नसला, तर ती किती डेटा गेला आणि कोणत्या वेगाने, एवढंच दाखवते. डीडीलाही 'ओफ्लॅग=डायरेक्ट' सांगितलं की ती रॅममधला तो साठा टाळून लिहिते; वेग कमी दिसतो, पण तो पेनड्राइव्हचा असतो.