बाड्यावर काठी मोडली तर

महाराज बाड्यावर गर्दीच्या वेळी एखाद्या आजोबांची काठी मोडली, तर बघता बघता सल्ल्यांचा ढीग पडतो. एक जण छत्री पुढे करतो, दुसरा म्हणतो वेल्डिंग करून आणतो, आणि तिसऱ्याने तोवर काखेत हात घालून आजोबांना उचलायला सुरुवातही केलेली असते. ग्वाल्हेरची माणसं मदतीला धावतात, पण इजा व्हायची शक्यता त्या घाईतच जास्त.

काठी अचानक मोडते, हा पहिला गैरसमज. नळी एकाएकी तुटणं विरळाच. आधी जातं ते टोकाचं रबर, नाहीतर उंची कमीजास्त करायचं स्प्रिंगचं बटण. रबरावरच्या खाचा झिजून गुळगुळीत होतात, मग नळीची कड आतून रबर कापू लागते, आणि एक दिवस पाटणकर बाजारातल्या एखाद्या दुकानाच्या ओल्या फरशीवर काठी सरकते. बटण भोकातून पुरतं बाहेर आलेलं नसेल, तर भार पडताच खालची नळी वरच्या नळीत शिरते. हे दोन्ही घरून निघताना काठी उलटी करून पाहिलं तर दिसतं. रबर बदलायचं तर सर्जिकल सामानाच्या दुकानात काठीच घेऊन जावी, कारण नळीची जाडी १९ मिलिमीटर असते, २२ असते, आणि सैल रबर हे नसल्यापेक्षा वाईट. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं खुर्चीच्या पायाचं बूच तसंच दिसतं खरं, पण ते कडक असतं आणि तिरक्या टेकणाऱ्या काठीला पकड देत नाही.

आता छत्री. छत्रीची दांडी कापड पेलायला केलेली असते, माणूस पेलायला नाही. तिच्यावर अंग टाकलं की ती वाकते, शिवाय टोक निसरडं. त्यापेक्षा जाड बांबूची लाठी बरी, मात्र तीही मनगटाच्या घडीइतक्या उंचीचीच हवी. सरळ उभं राहून हात मोकळा सोडला की मनगट जिथे येतं, तिथे काठीची मूठ. म्हणजे टेकताना कोपर थोडं वाकलेलं राहतं.

उसनी काठी हातात आली की पुढची चूक ठरलेली: दुखऱ्या पायाच्या बाजूलाच ती धरायची. सिनेमात तसंच दाखवतात, आणि भल्याभल्यांना तेच बरोबर वाटतं. खरं तर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी. दुखऱ्या पायावर उभं राहताच शरीर दुसऱ्या बाजूला कलतं, आणि ते सावरायला त्या पायाच्या खुब्याभोवतीचे स्नायू जोर लावतात. विरुद्ध हातातली काठी त्यातला बराच भार उचलते. काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचा. दोन कुबड्यांपैकी एक मोडली, तर उरलेलीलाही हाच नियम. मात्र डॉक्टरांनी पाय टेकूच नका म्हणून सांगितलं असेल, तर एका कुबडीवर लंगडत जायचं नाही. मिळेल त्या ओट्यावर बसून राहायचं.

कुबडीची काखेतली गादी फाटली म्हणून घाबरू नये. भार काखेत द्यायचाच नसतो, तो तळहातांवर असतो. काख आणि गादी यांच्यात दोन-तीन बोटांची जागा राहायला हवी. काखेवर लोंबकळत चालणाऱ्यांच्या तिथल्या नसेवर दाब येऊन मनगट लुळं पडू शकतं. उलट, कुबडीची हातात धरायची मूठ सैल झाली असेल, तर गादी कितीही शाबूत असली तरी ती कुबडी त्या दिवसापुरती बाद.

चढ अवघड आणि उतार सोपा, असं पाय धड असणाऱ्यांना वाटतं. आधाराविना उतरताना तोल जास्त जातो. किल्ल्यावर पूर्वेच्या, ग्वाल्हेर दरवाजाच्या बाजूने उभा चढ पायीच चढावा लागतो. वाहन जातं ते पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने. वर काठी मोडली तर पायी उतरण्याचा हट्ट सोडून उरवाईकडून गाडी करावी. मांढरे की माता मंदिराच्या पायऱ्यांवर असं झालं, तर एका हाताने कठडा धरून उतरताना आधी दुखरा पाय खाली, चढताना आधी धड पाय वर.

वेल्डिंगचं म्हणाल तर ॲल्युमिनियमची नळी रस्त्याकडेच्या साध्या वेल्डिंगला दाद देत नाही. त्याला आर्गन वायूचं यंत्र लागतं, आणि जोड बसला तरी उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडतो. वाकलेली नळी ठोकून सरळ करणं आणखी वाईट. नुसतं बटण गेलं असेल आणि भोकं आरपार असतील, तर सायकलवाला नट-बोल्ट टाकून घरी पोचण्यापुरतं काम करून देतो. चाकांच्या खुर्चीचं पंक्चरही तोच काढतो, कारण हवेच्या टायरची मोठी चाकं बहुधा सायकलसारखीच २४ इंची असतात. हवा गेली की ब्रेकही लागत नाही हे मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही, कारण त्याचा खटका टायरवरच दाबून बसतो. खुर्ची उचलायची तर सांगाड्याला धरून. बाजूचे हात कित्येक खुर्च्यांना निघणारे असतात.

माणसाला उचलण्याचं तंत्र आणखी साधं. उचलू नका, खुर्ची आणा. अर्धांगवायूनंतर लुळ्या बाजूचा खांदा ओढल्याने निखळू शकतो. आपलं कोपर पुढे करावं, धरायचं कसं ते त्यांनाच ठरवू द्यावं. पडल्यावर खुब्यात कळ येत असेल आणि पाय टेकवत नसेल, तर न हलवता १०८ ला फोन.

सरकारी शिबिरात मिळालेली वस्तू मोडली की संपलं, हाही समज पक्का आहे. ज्येष्ठांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतल्या वस्तूंची वर्षभर मोफत देखभाल कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीकडे असते. दिव्यांगांच्या १९८१ पासूनच्या एडिप योजनेत मात्र त्याच कामासाठी पुन्हा मदत मिळायला प्रौढांना साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर सकाळी ८ ते रात्री ८ माहिती मिळते, मिस्त्री नव्हे. त्यासाठी सायकलवाल्याचा नंबर जवळ असलेला बरा.