दिवाळीनंतरचं जव्हार

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला, राज्यातला छत्तिसावा. मुख्यालय जव्हारला व्हावं अशी मागणी तेव्हा होती आणि ती उगाच नव्हती. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या कुपोषणाच्या बालमृत्यूंनी सरकार हादरलं, त्यानंतर जव्हारला अप्पर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलंच होतं. पण रेल्वे पालघरला होती, त्यामुळे मुख्यालयही पालघरलाच झालं. ऑगस्ट 2021 मध्ये बोईसर रस्त्यावरच्या कोळगावला सिडकोने बांधलेल्या देखण्या इमारतींत जिल्ह्याचा कारभार हलला. आता जव्हारच्या डोंगरातल्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी विक्रमगड, मनोर करत समुद्राच्या अंगाला उतरावं लागतं. मुंबईचा पर्यटक त्याच रस्त्याने उलटा वर चढतो.

जिल्हा झाला की जव्हारचं पर्यटन फुलणार, हे त्या दिवसांत प्रत्येक भाषणात असायचं. ‘ठाण्याचं महाबळेश्वर’ ही जुनी ओळख तर होतीच, कुणी उत्साहाच्या भरात कर्नाटकातल्या कुर्गपर्यंतही पोचायचं. दहा-अकरा वर्षं उलटली, तेव्हा हिशेब मांडायला हरकत नाही.

पाहण्यासारखं काय आहे, ही यादी फारशी बदललेली नाही आणि ती मुळातच चांगली आहे. मुकणे घराण्याचं हे संस्थान चौदाव्या शतकापासूनचं. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांचा जयविलास राजवाडा गर्द झाडीत उभा आहे. सुरतेच्या 1664 च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांना शिरपेच दिला, असं परंपरा सांगते. हनुमान पॉइंटवरून खालची दरी दिसते, सनसेट पॉइंटला संध्याकाळी गाड्या लागतात. भूपतगडाची चढण सोपी आहे. लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा सुमारे तीनशे फुटांवरून कोसळतो आणि काळमांडवीलाही असाच कडा आहे.

बदलली ती गर्दी. डहाणूपर्यंत लोकल 2013 च्या एप्रिलमध्ये आली, पण तिचा फायदा केळवे आणि बोर्डीच्या किनाऱ्याला झाला. जव्हारचा पर्यटक गाडीने येतो आणि तो जून ते सप्टेंबरात येतो. सकाळी निघायचं, धबधब्याखाली भिजायचं, वाटेत जेवायचं, रात्री घरी. यातून गावात पैसा थोडा उरतो आणि प्लास्टिक भरपूर. 2020 च्या जुलैत, टाळेबंदी सैल होताच काळमांडवीला आलेले पाच तरुण बुडाले. आता पावसाळ्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत लोक यायचे, त्याच महिन्यांत दार अर्धं लोटलेलं. प्रशासनाला दोष देण्यात अर्थ नाही, काठावर जीवरक्षक आणि कठडे नसतील तर दुसरं करायचं काय?

कुर्गशी तुलना करायचीच तर इथे करावी. तिथे मडिकेरीला राजाज सीट आहे, ॲबी धबधबा आहे, पलीकडे तलकावेरी आहे. धबधब्याला धबधबा लावला तर दाभोसा अजिबात कमी पडत नाही. कुर्गमध्ये लोक मुक्काम करतात ते कॉफीमुळे. सावलीच्या झाडांवर चढलेले मिरीचे वेल, त्यांच्याखाली कॉफीची झुडपं आणि बागेतच राहायची खोली. फळं पिकून तोडणी होते ती हिवाळ्यात, बरोबर फिरायच्या हंगामात. तेव्हा मळ्यांना माणसं कमी पडतात आणि बाहेरून मजूर येतात. जव्हार-मोखाड्यात त्याच महिन्यांत पाडे रिकामे होतात. भात, नाचणी, वरई, खुरासणी घरात आली, दिवाळी झाली, की कुटुंबंच्या कुटुंबं वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या मुलखात मार्च-एप्रिलपासून टँकर धावू लागतात. पाहुण्याला भाकरी कोण घालणार, न्हाणीला पाणी कुठून आणणार, हे प्रश्न कुर्गच्या माहितीपत्रकात नसतात.

(कॉफीच हवी असेल तर महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याला होते, इंग्रजांनी लावलेली. तिच्यामुळे तिथला मुक्काम वाढल्याचं मात्र दिसत नाही. नुसती झुडपं असून भागत नाही.)

पीक आणि पाहुणा यांची गाठ आपल्या जिल्ह्यात बसलीच नाही असं नाही, ती घोलवड-बोर्डीला बसली. पारशी-इराणी बागायतदारांनी तिथे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी चिकू रुजवला. 1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, मोठ्या उद्योगांना लगाम बसला आणि बागा टिकल्या. 2013 पासून बोर्डीला चिकू महोत्सव भरू लागला, 2016 मध्ये घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं. बागेत राहायचं, चिकूची चिप्स आणि लोणचं घरी न्यायचं, हे लोकांच्या अंगवळणी पडलं. बंदर, रेल्वे, महामार्ग यांच्या कचाट्यात ते किती दिवस चालेल हा वेगळा विषय. वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये पालघरलाच झालं.

डोंगरातही एक सुरुवात झाली होती, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. ‘बाएफ’ संस्थेने जव्हार परिसरात आदिवासी कुटुंबांना एकेका एकरावर आंबा-काजूच्या वाड्या लावून दिल्या. कडेने जंगली झाडं, मधल्या जागेत भाजी किंवा भात. पुढे विक्रमगडकडे मोगरा आला, तो पहाटे तोडून दादरच्या बाजाराला जातो. ज्या घरात वाडी किंवा मोगरा नीट लागला, त्या घराला वीटभट्टीची उचल घ्यायची गरज कमी पडते. माझ्या मते जव्हारच्या पर्यटनाचा खरा नकाशा पॉइंटांचा नाही, या वाड्यांचा आहे. ज्याच्या घरी माणूस हिवाळ्यात राहतो, त्याच्याचकडे पाहुणा राहू शकेल.

आणि हिवाळ्यात दाखवण्यासारखं कमी नाही. दसऱ्याला जव्हार गाव भरून वाहतं, तारपा घुमतो. त्यानंतर आभाळ स्वच्छ होतं, खाचरं पिवळी पडतात, हनुमान पॉइंटला धुकं नसल्यामुळे दरी तळापर्यंत दिसते. उन्हाळ्याच्या तोंडावर बोहाडा सुरू होतो, रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात. वारली चित्रांना जगभर नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले, पण चित्रं काढणारी घरं डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर आहेत आणि ती पावसाळ्यापुरती नाहीत. तेव्हा जायचं तर ऑक्टोबर ते जानेवारीत जावं, एक रात्र तरी मुक्काम करावा, आणि जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवावं. नाचणीची भाकरी आयत्या वेळी होत नाही.